हाफकिनसाहेबांचं लॉजिकल रीझनिंग

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर सुरू झालं की आमच्या गर्ल्स हॉस्टेलवर दरवर्षी एक साथ येते. डासांची नव्हे (ती बारमाही आहे), ॲप्टिट्यूडची! जिकडे बघावं तिकडे जाडजूड पुस्तकं. मेसच्या रांगेत ट्रेनची लांबी, बाथरूमच्या रांगेत ब्लड रिलेशन्स. बाकी सगळं जमलं, पण एक प्रकार मला काही केल्या जमत नव्हता. एक परिच्छेद देतात, त्यात कुणा शास्त्रज्ञाचा एखादा तर्क असतो आणि खाली पाच पर्याय. यातली कोणती गोष्ट खरी निघाली तर हा तर्क सर्वात जास्त बळकट होईल? मी दर वेळी तर्काच्या बाजूने गोड बोलणारा पर्याय निवडायचे आणि दर वेळी चुकायचे.

डोक्यात प्रकाश पडला तो क्लासमध्ये नाही, चाकणला. सुट्टीत मी तिथल्या एका कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला जात होते. एका सीएनसी मशीनवर कूलंट बदललं आणि त्या आठवड्यात रिजेक्शन निम्म्यावर आलं. मी उत्साहाने ग्राफ काढला, रंगीत प्रिंट मारली आणि सुपरवायझर काकांना नेऊन दाखवली. काकांनी हातातला चहा खाली न ठेवता एवढंच विचारलं की शेजारच्या मशीनवर कूलंट बदललेलं नाही, तर तिचं रिजेक्शन किती झालं ते बघितलंस का? मी बघितलं नव्हतं. बघितलं तर तेही जवळजवळ तेवढंच कमी झालेलं! त्या आठवड्यात कास्टिंगचा नवीन लॉट आला होता. माझा ग्राफ गुपचूप बॅगेत गेला.

म्हणजे आपल्या बाजूचा पुरावा गोळा करून तर्क बळकट होत नाही. दुसरं कुठलं कारण असू शकलं असतं ते शोधायचं आणि ते एकेक करून बाद करायचं, तेव्हा तो बळकट होतो. ही साधी गोष्ट ज्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत, लोणावळ्यात, अगदी खडकीतसुद्धा करून दाखवली आणि नंतर याच गोष्टीपायी जो भरडला गेला, त्या माणसाबद्दल मला लिहायचंय. वाल्देमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे हाफकिन. खरं सांगू? परवापरवापर्यंत मला ते कुणीतरी इंग्रज गव्हर्नर वाटत होते. (आणखी एक खरं सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व दीर्घाच्या चुका आढळल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नये.)

हाफकिन इंग्रज नव्हते. १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना प्राणिशास्त्र शिकवायला मेचनिकोव्ह होते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधून पुढे नोबेल मिळवणारे तेच मेचनिकोव्ह. असे सर मिळायला नशीब लागतं! पण बाकी नशीब काही बरं नव्हतं. झारविरोधी क्रांतिकारकांशी संबंध म्हणून पोलीस मागे लागले. ज्यूंवर दंगलखोर चालून आले तेव्हा वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिन होते, तिथे जखमी झाले, अटकही झाली. सुटका झाली ती मेचनिकोव्ह सरांनी मध्यस्थी केल्यामुळे. शिक्षण पूर्ण झालं, पण प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स व्हावं लागेल असं कळलं. त्यांनी धर्म बदलला नाही आणि प्राध्यापकीही मिळाली नाही. ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात म्हणजे म्युझियममध्ये सहाय्यक म्हणून त्यांनी काही वर्षं काढली आणि एकपेशीय जीवांवर पेपर लिहिले.

१८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. मेचनिकोव्ह तोपर्यंत पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले होते, पण तिथे जागा एकच रिकामी होती, ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे आणि कंटाळा आला की व्हायोलिन वाजवायचं. आपण इथे कोअर कंपनी नाही मिळाली तर आठवडाभर जेवत नाही!

या ग्रंथपालाने १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं आणि काही दिवसांत सगळं ठीक झालं. पण स्वतःला टोचून काय सिद्ध होतं? लस घातक नाही एवढंच. ती कॉलरा थांबवते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी जिथे कॉलरा आहे तिथे जायला हवं. रशियाने नकार दिला. मग पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेल्या लॉर्ड डफरिन यांनी सुचवलं की भारतात जा. डफरिन आधी इथले व्हाइसरॉय होते, त्यामुळे कॉलरा कुठे आहे हे त्यांना चांगलं माहीत असणार.

१८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढच्या वर्षी मार्चच्या अखेरीस कट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा निघाला. लोक आधी दगड घेऊनच उभे होते. कोण हा गोरा, आणि सुईने आम्हाला काय टोचतोय? सोबतच्या डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, तेव्हा कुठे माणसं पुढे आली. साधारण २०० जणांच्या त्या वस्तीत ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे कॉलऱ्याचे आणखी १० रुग्ण निघाले, त्यातले ७ दगावले. हे दहाच्या दहा लस न घेतलेल्यांतले होते.

इथे मला चाकणचे काका आठवतात. वस्ती एक, पाणी एक, दिवस तेच. शेजारच्या मशीनचं रिजेक्शन हाफकिन यांनी बघितलं होतं! अख्ख्या कलकत्त्याला लस देऊन, बघा कॉलरा कमी झाला, असं म्हटलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की साथ आपोआपच ओसरते. एकाच वस्तीतले दोन गट शेजारी ठेवले की तो आक्षेप गळून पडतो.

दोनेक वर्षांत त्यांनी उत्तर भारत, आसाम वगैरे फिरून चाळीस हजारांवर लोकांना कॉलऱ्याची लस टोचली, स्वतः मलेरियाने खंगले, युरोपात जाऊन परत आले. आणि मग आला प्लेग.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही रुग्णांच्या तापाबरोबर जांघेत गाठी दिसल्या आणि त्यांनी हा प्लेग आहे असं ओळखलं. काही महिन्यांत लोक मुंबई सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. लस जगात कुणाकडेच नव्हती. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. आमच्या प्रोजेक्ट लॅबबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही.

तीन महिने ते अक्षरशः रात्रंदिवस राबले. कामाच्या ताणाने एक सहाय्यक आजारी पडला, दोघे सोडून गेले. लस बनवायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सूपमध्ये जंतू वाढवायचे, तर इथल्या लोकांना बीफ आणि पोर्क चालणार नाही म्हणून बोकडाचं मांस वापरलं. आणि त्या सूपवर सोडले तुपाचे थेंब! आपलं घरचं तूप. थेंब वर तरंगतो, जंतू त्याला धरून वाढतात आणि खाली लोंबू लागतात, गुहेच्या छताला चुनखडी लोंबते तसे. बाटली हलवली की ते तुटून खाली पडतात आणि वर नवीन वाढतात. अशी भरपूर वाढ झाली की सुमारे ६५ ते ७० अंशांना तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. हे कार्बोलिक ॲसिड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी १० सीसी लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांसाठी जो डोस ठरला त्याच्या हा तिपटीहून जास्त होता. जोरात ताप आला, पण ते तगले. त्यांची लॅब मात्र जागा बदलत राहिली. मलबार हिल झालं, आगाखान यांनी दिलेला खुश्रू लॉज झाला आणि शेवटी १८९९ मध्ये परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस मिळालं. आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्या मागोमाग आले.

जानेवारीच्या शेवटी प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. ३० तारखेला आपखुशीने पुढे आलेल्या १५४ कैद्यांना हाफकिन यांनी लस टोचली. त्यातले तिघे त्याच दिवशी आजारी पडले आणि वारले. रोग त्यांच्या अंगात आधीच शिरलेला होता असं मानून त्यांना हिशेबातून वगळलं. त्यानंतर काय झालं ते आकड्यांत सांगते. लस न घेतलेले १७२ होते, त्यातल्या १२ जणांना प्लेग झाला आणि ६ वारले. लस घेतलेले १४७ होते, त्यातल्या दोघांना प्लेग झाला आणि मृत्यू शून्य.

एम थ्रीमध्ये प्रॉबॅबिलिटी शिकल्याचा एकदाचा उपयोग केला. समजा लशीचा काहीच परिणाम नाही आणि हे १४ रुग्ण दोन्ही गटांत नुसते नशिबाने वाटले गेले. तर लस घेतलेल्यांच्या वाट्याला दोन किंवा त्याहून कमी रुग्ण येण्याची शक्यता किती? माझ्या हिशेबाने दीड टक्क्याच्याही आत. नशीब हा पर्याय जवळजवळ बाद.

पण बाकीचे पर्याय? इथे मी वकिली करणार आहे. पहिली शंका त्या तिघांची. आपल्याला अडचणीचे ठरणारे मृत्यू मोजायचेच नाहीत, हे कसं काय? म्हणणं बरोबर आहे की लशीला काम करायला काही दिवस लागतात आणि प्लेगची लक्षणं दिसायलाही लागतात. पण कोणाला वगळायचं हा नियम आधी लिहून ठेवलेला असला पाहिजे, निकाल बघून नव्हे. दुसरी शंका जास्त मोठी. पुढे कोण आले? आपखुशीने आलेले. ते कदाचित मुळातच धडधाकट असतील, जास्त काळजी घेणारे असतील. मग ते वाचले ते लशीमुळे की स्वभावामुळे?

खडकीचे आकडे तर आपल्या दारातले. पिंपरीहून लोकलने तिसरं स्टेशन. १८९७ च्या साथीत तिथल्या लष्करी वस्तीतल्या १५३० माणसांपैकी ६७१ जणांनी लस घेतली. त्यांच्यात ३२ रुग्ण आणि १७ मृत्यू. न घेतलेल्या ८५९ जणांत १४३ रुग्ण आणि ९८ मृत्यू. म्हणजे शंभरी अकराच्या वर मृत्यू एकीकडे आणि अडीच दुसरीकडे. लोकलच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्यातही त्यांनी असंच करून बघितलं. आकडे मोठे झाले, जागा बदलल्या, तरी निकाल तोच आला. याने तर्क बळकट होतो हे खरं, पण स्वभावाची शंका तशीच राहते. तोच प्रयोग दहा वेळा केला तर त्यातली तीच चूकही दहा वेळा होते!

हाफकिन यांनी ही शंका ओळखली होती असं मला वाटतं, कारण १८९८ च्या फेब्रुवारीत त्यांनी जे केलं ते त्याचंच उत्तर आहे. बडोद्याजवळ उंढेरा नावाचं गाव. हजारभर वस्ती, गावात प्लेग. १२ फेब्रुवारीला हाफकिन यांनी एकेक कुटुंब समोर बसवलं आणि घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. बायका, पुरुष, मुलं, अशक्त, धडधाकट, शक्यतो दोन्हीकडे सारखे येतील असे गट पाडले. कोण पुढे येतंय त्यावर काही सोडलं नाही. एकाच छपराखाली झोपणारी, एकाच ताटातली माणसं. नंतर २८ घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा वा काय डिझाइन आहे असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना २६ हा आकडा वेगळा दिसला. एका घरात भाऊ टोचलेला आणि बहीण न टोचलेली. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही. त्या वेळी लस नक्की चालते हे कोणाला माहीत नव्हतं, सगळ्यांना पुरेल एवढी ती नव्हतीही, आणि या २६ जणांमुळे पुढच्या लाखोंचा विश्वास बसला. हे सगळं मान्य करूनही माझ्या रूममेटचं आणि माझं यावर रात्री दीडपर्यंत भांडण झालं. ती म्हणते हे चुकलंच. माझं अजून ठरत नाहीये.

आता जरा चिंचवडला येऊ. आम्ही रविवारी ज्या चापेकर चौकातून जातो, ते चापेकर बंधू याच प्लेगच्या गोष्टीतले. १८९७ च्या पहिल्या महिन्यांत पुण्यात प्लेग वाढला तेव्हा सरकारने रँड याला नेमलं. सोल्जर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले, सामान रस्त्यावर जाळलं जाऊ लागलं, बायकांची तपासणी भर रस्त्यात होऊ लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तेही माहीत आहे. पण रँडची मोहीम ज्या तर्कावर उभी होती तो कोणी तपासला होता का? रोग घाणीतून आणि माणसाकडून माणसाला पसरतो, म्हणून माणसं हलवा आणि सामान जाळा, हा तो तर्क. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. त्याच्यावर विश्वास बसायलाही बरीच वर्षं गेली. शेजारची मशीन न बघता काढलेला ग्राफ माझा होता तेव्हा फक्त एक प्रिंट वाया गेली. इथे काय काय गेलं!

हाफकिन यांची लस मात्र वाढत होती. १८९७ मध्येच त्यांना सीआयई हा किताब मिळाला. परळच्या लॅबमधून लाखांनी डोस बाहेर पडू लागले. १९०२ मध्ये पंजाबात मोठी मोहीम निघाली, मागणी प्रचंड वाढली. झटपट बनवता यावी म्हणून हाफकिन यांनी लशीच्या पद्धतीत बदल केला. त्यात एक बदल असा की आता कार्बोलिक ॲसिड घालायचं नाही, जंतू नुसत्या उष्णतेने मारायचे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसं चालत होतं, इथल्या सरकारी डॉक्टरांना ते नवीन होतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभरात एका बाटलीतून टोचलेल्या सगळ्यांना धनुर्वात झाला. एकोणीस माणसं. एकोणीसही गेली. बाटलीचा नंबर होता ५३ एन.

आता प्रश्न. बाटलीत धनुर्वाताचे जंतू कुठे गेले, मुंबईत की मुलकोवालला? चौकशी आयोग बसला. आयोगाचा तर्क असा की बाटली मुंबईच्या लॅबमध्येच दूषित झाली असावी, कारण हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं. ऐकायला एकदम पटतं. पद्धत बदलली, मग अपघात झाला. माझ्या कूलंटसारखंच! हाफकिन यांना पदावरून दूर केलं. प्लेगची लस बनवणारा माणूस प्लेगच्या लॅबमधून बाहेर.

आता पुरावे बघा आणि कुठला पुरावा कोणत्या बाजूला वजन टाकतो ते तुम्हीच ठरवा. बाटली मुंबईत भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. लॅबमध्येच धनुर्वाताचे जंतू शिरले असते तर एवढ्या दिवसांत ते भरपूर वाढून त्याला घाण वास सुटला असता. उघडताना डॉक्टरांनी बाटली हुंगून बघितली होती आणि वास नव्हता. दुसरं, इतके दिवस वाढलेल्या जंतूंचं विष लशीत तयारच साठलेलं असतं, म्हणजे टोचल्यावर लक्षणं लवकर दिसायला हवी होती. ती दिसली जवळपास आठवड्याने, जशी ताज्या जखमेत थोडेसे जंतू गेल्यावर दिसतात. आणि तिसरं, त्या दिवशी मुलकोवालला बाटलीचं बूच काढताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून परत वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत.

कार्बोलिक नव्हतं हे खरं. पण ते आयोगाच्या तर्काला वाटतं तितकं बळ देत नाही. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कोणालाच धनुर्वात झाला नव्हता. चिमट्याच्या तर्काला मात्र तिन्ही पुरावे पुष्टी देतात, आणि त्यातल्या पहिल्या दोघांनी मुंबईचा पर्याय जवळजवळ खोडूनच टाकला जातो. ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात हा प्रश्न आला असता तर दोन मिनिटांचा. खऱ्या आयुष्यात त्याला पाच वर्षं लागली. हाफकिन रशियन, ज्यू आणि डॉक्टरही नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या साहेबांना हा बाहेरचा माणूस फारसा कधी आवडला नसावा. निदान मला तरी तसं वाटतं. त्याच काळात फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा खटला झाला होता आणि पुष्कळांनी या प्रकरणाची तुलना त्याच्याशी केली.

शेवटी धावून आले रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे होतो हे भारतात शोधून नोबेल मिळवलेले. त्यांनी वर सांगितलेले मुद्दे लंडनच्या टाइम्समध्ये मांडले. कलकत्त्यापासूनचे जुने सहकारी सिम्पसन यांनीही बाजू लावून धरली. २९ जुलै १९०७ ला दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र तिथे छापून आलं. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले आणि भारतात परत आले. पण परळची खुर्ची तोपर्यंत दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. तिथे त्यांनी आणखी काही वर्षं काढली आणि पंचावन्न वर्षांचे होता होता निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. आधी पॅरिसजवळ राहिले, मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला. शेवटच्या वर्षांत ते धार्मिक झाले आणि आपली शिल्लक पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या, म्हणजे धर्मग्रंथ शिकवणाऱ्या विद्यालयांच्या, मदतीसाठी ठेवली.

१८९७ ते १९२५ या काळात परळहून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये तिथल्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. हे लोझानच्या आधीचं, ते तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. बातमी कळल्यावर त्यांनी उत्तर पाठवलं की आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईतल्या कामात गेली. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, ते लोझानला वारले.

या शनिवारी आम्ही तिघीजणी सिंहगड एक्सप्रेसने मुंबईला चाललोय, परळला उतरून ती इमारत निदान गेटबाहेरून तरी बघायची आहे. येणार असाल तर शुक्रवारी रात्री मेसमध्ये सांगा.